आमदारांची सीट

"आजी, उठा. हे आपले माजी आमदार," कंडक्टर म्हणाला. एसटीच्या त्या खिडकीवर 'आमदारांसाठी राखीव' असं रंगवलेलं होतं.

आजी उठली नाही, नुसती सरकली. "ये लेकरा, बस. इतकी वर्सं तू आला न्हाईस, म्हणून मीच बसत हुते."

आमदारकीत रंगराव कधी एसटीत चढलेच नव्हते. वाऱ्याने त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्यांनी फीत कापली आणि गाडी त्यांनी केलेल्या रस्त्यावरून होडीसारखी तरंगत निघाली. दोन्हीकडे उसाचे तुरे डोलत होते, आणि अध्यक्ष महोदय त्यांना भाषण आवरायला सांगत नव्हते.

आजीने त्यांचा खांदा हलवला.

"गाव आलं?"

"अजून न्हाई. फुडची दांडी घट्ट धर, लेकरा. आता तुझा रस्ता लागतुया."