न बिचकणारा घोडा

“इतका शहाणा घोडा बरा नाही हो,” असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई मागच्या वर्षी म्हणाल्या, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. “दुखलं की घोडा कान मागे टाकतो, लाथ झाडतो. यानं ते सगळं सोडून दिलंय.”

तिला तर तेच हवं होतं. घोडेस्वारीच्या शाळेतले सगळे घोडे बघून तिने लेकीसाठी हा म्हातारा निवडला होता. कुत्रं भुंको, पत्रा वाजो, पोरं केकाटोत, हा आपला ढिम्म. सभेच्या अध्यक्षासारखा उभा असतो, म्हणून सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे.

त्या दिवशी गारठा होता. सरांनी खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग आवळला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “बसवा तुम्हीच. तो काही करत नाही,” म्हणत ते बाजूला गेले.

तिने लेकीच्या हेल्मेटचा पट्टा नेहमीसारखा दोनदा ओढून बघितला आणि तिला उचलून पाठीवर ठेवलं. एक हात आधारासाठी घोड्याच्या मानेवर होता. पोरीचं वजन पडलं आणि हाताखालची मान लाकडासारखी झाली. घोड्याचा श्वास थांबला. पाय मात्र जागचा हलला नाही. मग हळूच, चोरून सोडावा तसा तो श्वास सुटला.

हा श्वास तिच्या ओळखीचा होता. कळा येत होत्या तेव्हा, दाराबाहेर सासूबाई बसल्यात म्हणून, तिनेही तो असाच दाबून धरला होता.

“आई, चल ना!”

“थांब गं राणी. जरा उतर.”

“अगं, आत्ताच तर बसले!”

तिने लेकीला उतरवलं. आणि खात्री करायची म्हणून पुन्हा बसवलं. मान पुन्हा तशीच झाली.

सर परत आले.

“याला दुखतंय, सर.”

“वय झालंय त्याचं. तुमच्या चिमणीपुरताच ठेवलाय. बाकी कुणाला देतच नाही.”

“मग हिलाही नका देऊ.”

सर खोगिराच्या कातड्यावरून अंगठा फिरवत राहिले. “बघा ताई, स्वारी बंद म्हणजे त्याचं इथलं ठाणही गेलं. नवा घोडा येऊन थांबलाय. अजून थोडे दिवस हळूहळू चालवता येईल. तुम्ही म्हणाल तसं.”

“आणि बंद केलं तर जाईल कुठे?”

“कुरण आहे एक. नदीपलीकडे.” त्यांनी हात नुसताच हवेत फिरवला. “म्हातारी जनावरं नेतात तिकडे.”

लेकीने पोट आत ओढलं, खांदे वर घेतले. “आई, मी अगदी हलकी बसते. बघ. आता नाही दुखणार त्याला.”

तिने लेकीकडे बघितलं नाही. “बंद,” ती म्हणाली.

खोगीर उतरलं. घोडा तसाच उभा राहिला, अजून कुणीतरी बसायचं बाकी असल्यासारखा. लेक रडून रडून गाडीतच झोपली.

शाळेच्या व्हॅनवाल्याला त्याच्या चष्म्याचा नंबर विचारणारी ती. पण कुरण कुणाचं, जनावरं कोण नेतं, हे तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली, तर ठाण धुऊन काढलेलं होतं. सर म्हणाले, “नेलं.” ती बरं म्हणाली आणि परत आली.

नदीपलीकडे तुमचं कधी जाणं झालं, तर तेवढं बघाल का? तांबडा घोडा आहे. पाठीवर खोगिराच्या जागी केस पांढरे झालेत, लांबूनही दिसतात. ती पुलापर्यंत जाते आणि गाडी वळवते. तुम्हीच एकदा जाऊन या.