हशाची जागा

उशीचं खोटं पोट. फ्रेंच सरदाराची टोपी. तीन सेकंद.

एका जुन्या फ्रेंच प्रहसनाच्या मराठी प्रयोगांत खरवंडीकरांनी हे सगळं चौदा वर्षं सांभाळलं होतं. आता त्याच नाटकाचा सिनेमा होत होता. दिग्दर्शकाने पोट ठेवलं, टोपी ठेवली.

“कट! काका, ‘मला कुणी फसवू शकत नाही’ म्हणून थांबलात का?”

“इथे हशा येतो.”

“कोण हसणार? हे लाइटवाले? पुन्हा थांबलात तर उद्या दुसऱ्याला बोलावीन.”

पुढच्या टेकला खरवंडीकरांनी न थांबता पुढचं वाक्य म्हटलं. मूर्ख वाटणारा सरदार त्या एका वाक्याने शहाणा ठरायचा. ते वाक्य पडद्यावर राहावं म्हणूनच त्यांनी सिनेमा स्वीकारला होता.

सिनेमाच्या पहिल्याच खेळाला ‘मला कुणी फसवू शकत नाही’वर अख्खं थिएटर हसलं. बरोबर तीन सेकंद. पडद्यावरच्या सरदाराचे नुसते ओठ हलले.

“छान केलंत हो,” शेजारी बसलेली बायको म्हणाली. “पण शेवटी काय म्हणालात?”

“मला सगळं ठाऊक होतं.”

मूळ फ्रेंच संहितेत त्या जागी नाटककाराने कंसात लिहिलं आहे: थांबतो.