घरचा नळ

जुनी इंदूर भागातल्या त्या गल्लीत नळ एकच होता, आणि मथुरा लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे तिथे भांडण ठरलेलं. शेजारची कंचनबाई तिची कळशी सरकवून स्वतःचा हंडा लावायची. "बई, पेलां म्हारो नंबर थो!" मथुराही मागे हटत नसे. धक्काबुक्की, चिखल, ओलं लुगडं, आणि घरी आलं की सासूबाईंचं, "एवढा वेळ?"

नवरा दिगंबर मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून. हिवाळाभर कचेरी ग्वाल्हेरला असायची. उन्हाळ्यात कचेरी इंदूरला परतली आणि दिगंबर घरी आला, तेव्हा मथुरा त्याच्यापुढे रडलीच.

"अहो, वैताग आलाय मला या गल्लीचा. घरात नळ घ्या, नाहीतर देवासला माहेरी पोचवा."

दिगंबरने नगरपालिकेत खेटे घातले, साहेबांच्या हातापाया पडला, आणि कचेरी पुन्हा ग्वाल्हेरला निघायच्या आत अंगणात नळ आला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मथुराला तर हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतला कलकलाट ऐकून ती उठली. आपली कळशी नाही म्हटल्यावर कंचनबाई आज भांडणार तरी कुणाशी? तिला नारळाचा प्रसाद द्यावा, जरा चिडवावंही, म्हणून मथुरा वाटी घेऊन दाराशी गेली.

सासूबाईंनी पुढे होऊन आतून कडी घातली. "आता बाहेर काय काम आहे तुझं?"