बिनकाचांचा चष्मा

“काचा काढाव्या लागतील,” फोटोवाला म्हणाला.

सिंधूनं दोन्ही हातांनी चष्मा घट्ट धरला. “बाहेर त्या मास्तरांचा फोटो लावलाय की तुम्ही. त्यांच्या चष्म्यावर कुठं उजेड आलाय?”

“बाप्यांचं चालतंय. तुझ्या काचा बघ की, सोड्याच्या बाटलीचं बूड. वरून दिवा पडला की पांढऱ्याफेक. आणि आतले डोळे मुगाएवढे. कोण पसंत करंल?”

मेल्याच्या जिभेला हाड कसं ते नव्हतंच. सिंधूचे डोळे भरून आले. तिची आई, शिवम्मा, खुर्चीमागं उभी होती. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. “काढू दे गं त्येनला. रोजचं काम हाय त्येंचं.”

फोटोवाल्यानं अंगठ्यानं दाबून दोन्ही काचा काढल्या आणि रिकामी फ्रेम तिच्या नाकावर चढवली. “हनुवटी खाली घे. हितं माझ्याकडं बघ. हास जरा.” आता कुणाकडं बघणार ती? वीतभर अंतरापलीकडं तिला सगळा धुरळाच. आवाज आला तिकडं तोंड करून हसली बिचारी.

काचा कागदात बांधून त्यानं शिवम्माला दिल्या. “फ्रेम जुनी हाय. सारखी ताणली तर मोडंल. पाहुणे येऊन जाईस्तोर अशीच राहू द्या.”

फोटो मात्र असा आला म्हणता! टपोरे डोळे, वर शिकल्यासवरल्याचा चष्मा. सिंधूनं तो नाकाला लावून बघितला आणि खूश झाली येडी. जाड चष्मा बघून चहाचा कप अर्धा टाकून उठलेले पाहुणे तिनं थोडे बघितले नव्हते. फोटो लातूरला गेला आणि पसंतीचा निरोप आला.

स्थळ होतंही नाव ठेवायला जागा नाही असं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. नव्या कचेरीच्या रस्त्यावर घरचं दुकान, मागं घर आणि अंगणात बोअर. बोअरला पाणी! त्या साली उदगिरात आडांचे तळ दिसत होते आणि टँकरपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. अशा साली पाण्याच्या घरात लेक द्यायला कोण नको म्हणेल?

“मुलाचा फोटो न्हाई का आला?” सिंधूनं एकदा धीर करून विचारलं.

“बाप्याचा कशाला फोटो?” तिचा बाप रेवणप्पा खेकसला. “समोर बसंल तवा बघ की पोटभर. आणि ऐक, मी त्येनला पातळ नंबर सांगितलाय. काचा दिसल्या की उठून जातील. तीच फ्रेम घालून बसायचं.”

पाहुणे आले. शिवम्मानं कोपराला धरून तिला आणून बसवलं. समोर सतरंजीवर पांढऱ्या कपड्यांचे तीन ढीग. त्यातला कडेचा ढीग बोलत होता. आवाज तरणा होता, मोकळा होता. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाला, “वाचायची आवड हाय का?”

“हाय,” सिंधू म्हणाली.

“मग बरं झालं. आमच्याकडं रोज पेपर येतो, पुस्तकं हायत. वाचणारं माणूसच न्हाई घरात.” आणि तो हसला. भाजी येते का, शिवण येतं का, हे आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. सिंधूचा जीव तिथंच जडला. लपवाछपवी कशाला, तिला तो आवाज आवडला.

“आमच्यात जबरदस्ती न्हाई,” तोच आवाज म्हणाला. “सगळं तुमच्या कानावर घातलंय म्हणं. तरी एकदा नीट बघा आणि तुमच्या तोंडानं सांगा. पसंत हाय का?”

“इचारा, इचारा,” रेवणप्पानं छाती फुगवली. “आमच्या घरात पोरीला इचारल्याबिगर कायच न्हाई.”

सिंधूनं आवाजाकडं तोंड केलं. लाजली. म्हणाली, “हाव.”

“झालं तर मग!” तो उठला. “अप्पा, उठा आता. साखरेचा पुडा तुमच्याच हातानं द्या. नवरदेव तुम्ही, मी आपला तुमचा पोरगा.”

सगळे हसले. सिंधूही हसली, आणि मग तिला समजलं.

मधला ढीग खोकत, गुडघ्यावर हात रेटत उठला. “पाया पड,” रेवणप्पा म्हणाला. ती वाकली आणि जवळ गेल्यावर तिला सगळं लख्ख दिसलं. सुजलेले घोटे. पिवळी, जाड झालेली नखं. पुडा देणाऱ्या बोटांवरचे पांढरे केस. “सुखी राहा, पोरी,” म्हातारा नवरदेव, मलप्पा, म्हणाला.

पाहुणे गेले. सिंधू चाचपडत स्वयंपाकघरात गेली. शिवम्मा चुलीपुढं बसली होती.

“अव्वा, तू तर बघत होतीस गं! त्या फोटोवाल्याचं ऐकून काचा काढल्या मी, आंधळ्यावानी बसले. तू का न्हाई बोललीस?”

“त्येला मीच सांगितलं होतं, काचा काढ म्हणून. फोटो तर काचेसकट बी निघत होता.”

सिंधूनं नाकावरची रिकामी फ्रेम काढली. “तू?”

“मी. माझी मान घागरी वाहून मोडली. तुझी मोडू द्यायची न्हाई मला.” शिवम्मानं तोंड फिरवलं नाही. “आणि मला सांग बाई, दिसलं असतं, तर तू हाव म्हणली असतीस का?”