हळदीच्या खोलीतला पाईप

एकांतातच माणूस खरा स्वतंत्र असतो, असं मी वसमतच्या कॉलेजात सव्वीस वर्षं शिकवलं. आज भरदुपारी बायकोने, शिवकन्येने, मला हळदीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

पुतणीला पाहायला पाहुणे येऊन टेकले होते आणि मी भाच्याने पाठवलेली, व्हिस्कीच्या वासाची तंबाखू पाईपमध्ये भरून ओढत होतो.

“दारू न्हाई गं, तंबाखू हाये.”

“ते पाहुण्याच्या नाकाला सांगा. पोरीचं जमत आलेलं मोडंल. हूं की चूं करू नका,” शिवकन्या म्हणाली.

खोलीला खिडकी नाही. मागच्या भिंतीशी, हळदीच्या पोत्यांवर बसून मी ओढत राहिलो. आमच्याकडे कुणी एकट्याने ओढत नाही. दोन झुरके मारून शेजारच्याला द्यायचं. सवयीने मी पाईप उजवीकडे धरला.

तो हातातून गेला.

अंधारात निखारा दोनदा फुलला. मग पाईप परत माझ्या हातात आला. दांडी ओली होती.

ओरडलो असतो तर लग्न मोडलं असतं. मी दोन झुरके मारले आणि मुकाट्याने पुन्हा उजवीकडे धरला.

अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा गेलेला पाईप परत आलाच नाही.

तेवढ्यात दार हललं.

“अहो, गेले पाहुणे. पोरगी पसंत हाये. निघा आता.”

“आधी कडी काढ.”

“कवाच काढली! तुमीच आतून दार काहून धरून राहिले?”

मी अजून पोत्यांवरच बसलो होतो.

त्या दाराला आतून कडी नाही.