बचावफळीचं पातळ

"सर, ते जांभळं पातळ शेवटी गेलं कुठं?" पहिल्या संघातल्या सर्जेरावानं माइकवरून विचारलं आणि सभागृह हसलं.

माझ्या यजमानांचा निरोपसमारंभ होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात यांनी एकतीस वर्षं फुटबॉलची बचावफळी घडवली. हार गोल मारणाऱ्यांच्या गळ्यात पडायचे, यांच्या पोरांना कुणी ओळखायचंही नाही. चौघांनी एका ओळीत सरकायला शिकावं म्हणून हे त्यांना कमरेला एकत्र बांधून पळवायचे. पहिल्या वर्षी त्यासाठी माझं टाकून दिलेलं पातळ नेलं होतं.

"वहिनी, तुमचं पातळ मैदानावर पळतंय की," शेजारीण म्हणाली होती. मी यांना दारातच गाठलं. "माझी अब्रू पोरांच्या कमरेला बांधलीत. उद्याच्या उद्या परत आणा." दुसऱ्या दिवशी ते धुऊन, घडी घालून माझ्या कपाटात होतं.

"मग आला काथ्याचा दोर," सर्जेराव सांगत होता. "कमरेला वळ उठायचे. सर स्वतः खोबरेल लावायचे आणि म्हणायचे, पातळ रुतत नव्हतं रे."

यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. माझी मान वर होईना.

यजमान उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हरवलं रे. माझ्याच हातून."

पन्नाशीची पोरं पुन्हा हसली. ते पातळ अजून माझ्या ट्रंकेत आहे. परत आणवल्यापासून एकदाही नेसलेलं नाही.