अंगठ्यात अडकणारी डबी

"आजींचा हात थरथरतो का हो?" रंगांच्या दुकानदाराने विचारलं. विचारलं ते लेकीला.

बाई त्याच्यासमोर हातभर अंतरावर काठी धरून उभ्या होत्या. हात थरथरत नव्हता. आता मात्र थरथरेल असं त्यांना वाटलं, रागाने.

"थोडासा," लेक म्हणाली. "शिवाय मागच्या वर्षी पडली ना ती रस्त्यात. म्हणून म्हटलं, काहीतरी बसल्याबसल्या करण्यासारखं द्या."

दुकानदाराने लाकडी पेटी काढून काउंटरवर ठेवली. रंगांच्या चोवीस ट्यूबा, चार ब्रश, आणि खालचे पाय उघडले की पेटीचं टेबल. लेकीने पाय उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "बघ गं आई! गॅलरीत अगदी बरोब्बर बसेल."

"मला खिशात मावणारी डबी हवी आहे," बाई म्हणाल्या. घरातून निघताना हेच सांगितलं होतं, रिक्षात बसल्यावरही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दर रविवारी सकाळी आठ-दहा माणसं पुलाजवळ जमून रस्त्याची चित्रं काढत. बाईंनी महिनाभर लांबून पाहिलं आणि मग धीर करून विचारलं होतं. "या की," त्यातला एक टकलू म्हणाला होता, "फक्त उभ्याने काढावं लागतं. खुर्च्या मांडल्या की पोलीस उठवतात."

"उभ्याने!" लेक दुकानदाराकडे बघून हसली. "एका हातात काठी, एका हातात ब्रश. मग डबी कुठे धरणार, दातांत? काय हो?"

दुकानदारही हसला आणि त्याने पोस्टकार्डांचा गठ्ठा पुढे केला. "हे बघा, आजींसाठी छान आहे. रेषा आधीच छापलेल्या असतात. आपण फक्त रंग भरायचा."

"आणि रस्ताच हवा असेल तर मी फोटो काढून आणते," लेक म्हणाली. "रोज ऑफिसला जाताना पुलावरूनच जाते मी. फोटोवरून काढ तू निवांत."

बाईंनी काठी काउंटरवर आपटली. ट्यूबा खडखडल्या. दुकानात ब्रश बघत असलेला कुणीतरी माणूस वळून पाहू लागला.

"फोटोवरून?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी काय केलं गं?"

लेकीने पेटीवर हात ठेवला. तीस वर्षं बाई एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून काळ्यापांढऱ्या फोटोंना हाताने रंग देत होत्या. फोटोला टाचणीने चिठ्ठी लावलेली असे: 'डोळे घारे, कोट निळा, गाल गुलाबी.' माणूस कधी समोर येत नसे. त्या गालांचं काम इतकं नाजूक करत की स्टुडिओत त्यांना सगळे गालवाल्या बाई म्हणत. त्या खोलीला एक खिडकी होती. तीही फोटोंवर ऊन नको म्हणून काळ्या कागदाने बंद केलेली.

"टेबलाशी बसून, दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर, दुसऱ्याने सांगितलेला रंग," बाई म्हणाल्या. "पुन्हा तेच देतेस होय मला? वाढदिवसाची भेट म्हणून?"

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. मलाही आता लोकच बघायचेत."

मग त्या दुकानदाराकडे वळल्या. "ती कपाटातली पत्र्याची डबी काढा. रंगाच्या बारा वड्यांची. हो, तीच. आणि दांडीत पाणी भरायचा ब्रश."

डबी तळहाताएवढी होती. बाईंनी ती उलटी केली. पाठीला एक कडी होती. त्यांनी डावा अंगठा कडीत घातला, काठीची मूठ त्याच हाताच्या कोपरावर अडकवली, कंबर काउंटरच्या कडेला टेकवली आणि काउंटरवरचा नमुन्याचा कागद डबीच्या झाकणाखाली अडकवला. दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवली. बाईंनी ती पायाने मागे ढकलली.

"हलू नकोस," त्या लेकीला म्हणाल्या.

त्यांनी लाल वडीवर ब्रश फिरवला आणि रंग आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. स्टुडिओतली जुनी खोड. गालाचा रंग आधी नखावर पाहायचा, मगच फोटोवर. नखावर पाहिला आणि थबकल्या. तीस वर्षं वापरलेला गुलाबी समोरच्या गालावर कुठेच नव्हता. तिथे संतापाचा विटकरी होता, कानाजवळ रोजच्या धावपळीचा पिवळटपणा होता, आणि डोळ्याखाली असा एक निळसर करडा, की तो कुणी चिठ्ठीत लिहून पाठवलाच नसता.

बाईंनी नख पुसलं आणि पुन्हा रंग कालवला. हात जराही हलला नाही.

पाच मिनिटं ब्रश कागदावर फिरत राहिला. मग लेक हळूच पुढे झुकली आणि कागदाकडे बघत राहिली.

"इतकी दमलेली दिसते मी?"

"रागावलेलीही दिसतेस. मागे हो, उजेड अडतोय."

लेक मागे झाली. तिचा एक हात अजून लाकडी पेटीवर होता. तो तिने काढून घेतला.

दुकानदाराने घसा साफ केला. "मग ताई, आजींना यातलं कुठलं देऊ?"

"मला काय विचारता?" लेक एकदम त्याच्यावर खेकसली. "ती समोर उभी आहे ना? तिला विचारा."

दुकानदार बाईंकडे वळला.

"थांबा जरा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "गाल अजून ओला आहे."